दस्तगीरची शर्यतीची गाडी

दर शुक्रवारी दुपारचा नमाज पढून आला की दस्तगीर मुजावर गाडी फिरवून आणायचा. फिरवून म्हणजे कुठं, तर शेडच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गाडीच्या पुढं आणखी एक गाडी मावेल एवढीच जागा. पहिला गियर टाकायचा, हळू पुढं जायचं, भिंत आली की ब्रेक. मग मागचा गियर, हळू मागं. परत पुढं, परत मागं. इंजिन चांगलं तापलं की बंद करायचं, उतरायचं, रुमालानं मान पुसायची आणि मला विचारायचं, "कशी वाटली रं आज?"

"कशी म्हंजे? मागल्या शुक्रवारी वाटली तशीच."

"तुला न्हाई कळायचं. आज जरा मोकळी चालली."

मी त्या बंगल्याचा वॉचमन. माधवनगरला आमच्या मालकांची कापडाची मिल होती. मिलच्या मागं बंगला, बंगल्याच्या मागं हे शेड. आधी त्यात सुताच्या गाठी असायच्या. मिल बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या, माणसं जिकडं पोट भरेल तिकडं गेली. राहिलो आम्ही. मी, माझी बायको हौसा, दस्तगीर आणि ती गाडी.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हौसा गेली, मागनं तिकडचं सगळंच मोडलं, आणि पोरानं मला साताऱ्याला आणलं. इथं तिसऱ्या मजल्यावर राहतो. पोरगा आणि सून कामाला जातात तेव्हा बाहेरनं कुलूप लावतात. म्हातारा जिन्यात पडेल म्हणून. पोरं चांगली आहेत, मी काय बोलू? पण दुपारी त्या दाराकडं बघत बसलो की दस्तगीर आठवतो. एवढी वर्षं कोंडलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि त्याच्या दाराला तर कुलूपही नव्हतं.

दिसायला उंच, वाळका. दाढीला मेंदी. अंगात कायम खाकी शर्ट, मिलनं दिलेला, कॉलर उलटी करून शिवलेली. गाडी एवढी बुटकी आणि हा एवढा लांब, की आत बसला की गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही अंगाला वर यायचे. हौसा म्हणायची, "दस्तूभाऊ गाडीत बसत न्हाईत, गाडी नेसत्यात." आत शिरायच्या आधी चपला बाहेर काढायचा, नळावर पाय धुवायचा, कोरडे करायचा, मगच बसायचा. कायम अनवाणी चालवली त्यानं ती गाडी. गाडीजवळ कुणी मोठ्यानं बोललं, शिवी दिली, तर बोट ओठावर ठेवायचा. "इंजिनाला ऐकू जातं."

त्याची बायको ऐन उमेदीत वारलेली. एक लेक, पलूसला दिलेली. ती दर सणाला फोन करायची, अब्बा, या की हितं ऱ्हायाला. हा म्हणायचा, "येतो, येतो. एवढा शुक्रवार जाऊ दे."

आता मुद्द्याची गोष्ट. दस्तगीर त्या गाडीचा ड्रायव्हर, पण त्यानं ती गाडी रस्त्यावर कधी चालवलेली नव्हती.

तुम्हाला खोटं वाटेल. पण ती गाडी दोन माणसांची, विलायती, शर्यतीच्या घराण्यातली. मालक ती स्वतः चालवायचे. असल्या गाडीला ड्रायव्हर लागतोय कशाला? तरी दस्तगीर पगारी होता. धुवायची, पुसायची, पोर्चमधनं शेडात घालायची, शेडातनं पोर्चमध्ये आणायची. मालक बाहेर निघाले की हा डाव्या बाजूला बसायचा, चाक पंक्चर झालं तर बदलायला. असं त्यानं महाबळेश्वर बघितलं, कोल्हापूर बघितलं, बेळगावही बघितलं, सगळं डाव्या सीटवरनं. मालक मनानं वाईट नव्हते. वाईवरनं पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो ना, तिथं दर वेळी म्हणायचे, "दस्तगीर, पुढच्या खेपेला हा घाट तू चढवायचास." आणि पुढच्या खेपेला त्यांचाच हात स्टेअरिंगवरनं सुटायचा नाही.

तसल्याच एका उन्हाळ्यात मालक झोपेतच गेले.

मग दोन पोरांची कोर्टबाजी लागली. थोरले पुण्याला, धाकटे परदेशात. बंगला कुणाचा, जागा कुणाची, आणि मेन म्हणजे गाडी कुणाची. निकाल लागेपर्यंत कुठलीही वस्तू कंपाउंडच्या बाहेर न्यायची नाही असं ठरलं. शेडच्या शटरला दोन कुलपं लागली, एक थोरल्यांचं, एक धाकट्यांचं. बाजूला माणूस वाकून जाईल असं बारकं दार होतं, ते आमच्यासाठी उघडं. माणसं आत-बाहेर करू शकत होती, गाडी नाही. आम्हा दोघांना दोघंही म्हणाले, तुम्ही जाऊ नका. मी गेलो असतो तर एकाला वाटलं असतं दुसरा आपला माणूस बसवणार. माण तालुक्यातली माझी जमीन म्हणजे कुसळं, पाऊस पडला तर पीक. कुठं जाणार? राहिलो.

दस्तगीरनं छपराचे दोन पत्रे उचकटून धूर जायला वाट केली आणि त्याचे शुक्रवार सुरू झाले.

मी त्याला एकदा म्हणालो, "दोन कुलपं. एक पहार. जा की घेऊन घाटात. कोण बघतंय? सांजच्याला परत आण."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी त्याची लेक विकायला सांगितली.

"कुलूप तोडून न्हेली की ती चोरी झाली. मालक म्हणलं हुतं, देतो. दिली पायजे, पावणं. घेऊन न्हाई चालत."

"मालक गेलं की वर!"

"त्यांची पोरं हायती की. कोण तर देईल."

एवढंच त्याला पाहिजे होतं. कुणीतरी किल्ली हातावर ठेवून म्हणावं, दस्तगीर, ने. पसरणीचा घाट चढव.

शेडच्या भिंतीवर त्यानं पाच चित्रं चिकटवली होती. मालकांच्या इंग्रजी मासिकांतनं कापलेली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला मराठीची मारामार. पण ती पाच चित्रं तो तसबीचे मणी ओढल्यासारखी म्हणून दाखवायचा. एकाच घराण्याची, एकाच पिढीची पाच मॉडेलं. नावं त्यानं स्वतः ठेवलेली. पहिली उघडी, कापडी टपाची, तारेच्या चाकांची. दुसरी बंद टपाची, मागं काचेचं दार. "ही बायकापोरं असल्याल्या मानसाची." तिसरी घाटाची, इंजिन मोठं, म्हणून बॉनेटला मधी उंचवटा. चौथी शर्यतीची. दिसायला अगदी बंद टपाचीच, पण दारं आणि बॉनेट हलक्या पत्र्याचं, आत ना गालिचा ना हीटर, वजन उतरवलेलं. "असल्या लय थोड्या निघाल्या, पावणं. कंपनीनं हात राखून काढल्या." आणि पाचवी शेवटच्या वर्षांतली, पुढं काळ्या रबराचा जाड बंपर. ती त्याला बघवायची नाही. म्हणायचा, "म्हशीला मुस्कं बांधल्यागत दिसतीया."

आमची गाडी चौथी. मागं बारकी चकचकीत पाटी होती, शर्यतीच्या मॉडेलची खूण. मालकांनी स्वतः त्याला सांगितलं होतं. दोन पोरं गाडीवरनं भांडत होती ती त्या पाटीमुळंच.

बंगल्यावर कुणी आलं, वीजवाला आला, पोस्टमन आला, की हा त्याला शेडात न्यायचा. "सांगा, ह्यातली आपली कुठली?" बिचारा पोस्टमन दुसऱ्या चित्रावर बोट ठेवायचा. दस्तगीर खूश. "फसला! बंद टपाची न्हवं ती. शर्यतीची!"

मलाही पहिल्या दिवशी विचारलं. मी म्हणालो, "मला सगळ्या एकच दिसत्यात."

"अडाणी हायस."

"आरं अडाणी कसला? तू सांग की, खिलार बैलात किती जाती."

"खिलार म्हंजे खिलार. पांढरं."

"बघ! आटपाडी महालाचं येगळं, म्हसवडचं येगळं, तापीकाठचं येगळं. शिंगं बघून सांगतो आमी. आन् येक असतं नकली खिलार."

तो एकदम ताठ झाला. "नकली म्हंजे?"

"दिसतं खिलारच. पर मूळ रानातलं न्हाई. भाईरच्या रक्ताचं."

"बैलात असंल. आमच्यात नकली न्हाई," म्हणाला, आणि त्या पांढऱ्या गाडीवरनं असा हात फिरवला की जणू तिनं ऐकलं असेल. गाडीचा रंगही खिलाराचाच होता, खडूसारखा. त्या दिवसापासनं आमची दोस्ती जमली. सकाळी चहा घेताना तो मॉडेलं सांगायचा, मी बैलं. हौसा दोघांना शिव्या द्यायची. "येकाला गाडी भाईर काढाय येत न्हाई, येकाकडं बैल न्हाई. आन् गप्पा बघा ह्यांच्या!"

दस्तगीर तिच्या हातचं जेवायचा. आमच्या घरचं आणि त्याचं असं कधी वेगळं नव्हतं. ती गाडीला त्याची बेगम म्हणायची. "दस्तूभाऊ, बेगम जेवली का?" तो गंभीरपणानं सांगायचा, "व्हय वैनी, तेल प्याली."

मग हौसाच्या पोटात गाठ निघाली.

मिरजेच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि शिवून टाकलं. मी बाहेर उभा होतो, दस्तगीर माझ्या शेजारी. डॉक्टर काय बोलले ते मला कळलं नाही, त्याला कळलं. येताना रिक्षात तो माझा हात धरून बसला. त्याचा हात ग्रीसनं कायम काळा असायचा. त्या दिवशी धुतलेला होता.

हौसाला माहेरी जायचं होतं. दहिवडीच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला गाव. डॉक्टर म्हणाले, हलवू नका, खड्ड्यांनी जीव जाईल. तिनं दोन दिवस तोंड फिरवून काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाली, "गावाला न्हाई तर न्हाई. त्या बेगमच्या मांडीवर तरी बसवा येकदा. जल्म गेला तिची धुणी बघण्यात."

आम्ही दोघांनी तिला धरून बारक्या दारातनं आत नेलं. ती चपला काढायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या वैनी," दस्तगीर म्हणाला. "तुमाला माफ हाय."

डाव्या सीटवर बसवलं. उशी दिली पाठीला. मी दाराजवळ उभा. त्यानं इंजिन चालू केलं, पहिला टाकला, आणि गाडी सरकली.

"निघालो बघा. ह्यो तासगावचा रस्ता. बुधगावचं वळण गेलं, आता दोनी अंगाला द्राक्षाच्या बागा."

"कुठं हायत्या?"

"डोळं मिटून बघा, मंग दिसतील."

भिंत आली. ब्रेक. मागचा गियर.

"आता मागं कशाला घेतलीस रं?"

"म्होरनं यष्टी आली वैनी. रस्ता बारका. वाट द्याय नको?"

परत पुढं. विटा आलं. परत मागं. उसाच्या ट्रॅक्टरला जागा द्यायची होती. पुढं मायणी आली. तिथल्या तळ्यावरची पाखरं त्यानं अशी काही सांगितली की मीसुद्धा छपराकडं बघितलं. परत मागं, कारण धनगराची मेंढरं रस्त्यावर आली.

"कुणाची मेंढरं?"

"तुमच्याच गावची दिसत्यात."

हौसा हसायला लागली. मग डोळे मिटूनच तिनं विचारलं, "पाऊस झालाय का तिकडं?"

माणचं माणूस कुठंही भेटलं तरी आधी हेच विचारतं. दस्तगीर सांगलीकडचा, कृष्णेचं पाणी पिऊन वाढलेला. त्याला काय सांगायचं सुचेना. त्यानं काचेतनं माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "झालाय. बाजरी गुडघ्याला लागलीया."

तिनं डोळे उघडले. "खोटं बोलताय. माणात आन् पाऊस!" आणि पोट धरून हसली. दुखत होतं तरी हसली. मग म्हणाली, "बास. चला म्हागारी. भाकरी टाकायच्या ऱ्हायल्यात."

भाकरी तेव्हा मी टाकत होतो. तिला उठवतही नव्हतं. पण ती म्हणाली तसं आम्ही माघारी आलो. दस्तगीरनं तासगाव, विटा सगळं उलटं घेतलं, एकही गाव सोडलं नाही.

ती शिमग्याच्या आधी गेली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

पुढच्या शुक्रवारी दस्तगीरनं गाडी चालू केली आणि डाव्या सीटवरची उशी तशीच ठेवली. मी ती काढून आणली. चाळीस वर्षांच्या संसारातनं बाईची एक उशी उरते, ती मला घरात पाहिजे होती.

त्यानंतर पुण्याहून एक माणूस आला. जुन्या गाड्या तपासून किंमत सांगणारा. कोर्टातनं दोन्ही पोरांनी मिळून पाठवलेला. दस्तगीरनं आदल्या दिवशी गाडी दोनदा धुतली. खाकी शर्टाला इस्त्री. माणूस सभ्य होता, "काका काका" करत होता. गाडीखाली टॉर्च मारला, इंजिन ऐकलं, म्हणाला, "इतकं गोड चालणारं इंजिन मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही." दस्तगीरचा ऊर एवढा झाला.

मग त्यानं खिशातनं फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. बॉनेटला लावलं. चिकटलं. दाराला लावलं. चिकटलं. दुसऱ्या दाराला लावलं.

"काका, शर्यतीच्या मॉडेलची दारं आणि बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. त्याला हे चिकटत नाही. ही साधी बंद टपाची आहे. मागची पाटी नंतर कुणीतरी लावलीय."

दस्तगीर म्हणाला, "परत लावा."

परत लावलं.

"आणा हिकडं," म्हणून त्यानं लोहचुंबक स्वतःच्या हातात घेतलं. बॉनेटच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लावत गेला. दारांच्या कडेनं, खालनं, हँडलजवळ. कुठंतरी एखाद्या जागी ते सुटून पडेल अशा आशेनं. ते कुठंच पडलं नाही. लोखंड म्हणजे लोखंड. शेवटी तो मागच्या पाटीपाशी गेला, पण तिला त्यानं लोहचुंबक लावलं नाही.

"मालकांना ठाऊक हुतं का?" त्यानं विचारलं.

"ते आता कसं सांगणार काका? त्यांना कुणी फसवून विकली असेल. किंवा त्यांनीच हौसेनं लावली असेल पाटी."

तो माणूस गेल्यावर दस्तगीर नळावर बसला. मी चहा करून नेला. मला बरं बोलता येत नाही, तरी म्हणालो, "माझ्या बानं नकली खोंड आणलं हुतं दस्तगीर. लोक हसलं. पर त्यानं आमचं समदं रान नांगारलं. खाली बसलं न्हाई कवा. काय फरक पडतो?"

"बैलाचं ठीक हाय रं," तो म्हणाला. "बैलाला कुणी सांगितलं नव्हतं, तू म्हसवडचा हायस म्हणून. मला सांगितलं हुतं."

त्यानं चहा घेतला नाही. पण शुक्रवारी आला. पाय धुतले, गाडी चालू केली, पुढं-मागं केली. फक्त उतरल्यावर मला काही विचारलं नाही. आणि त्यानंतर वीजवाला आला, पोस्टमन आला, त्यांना शेडात नेलं नाही. चित्रं भिंतीवर होती तशीच राहिली.

शर्यतीची नाही म्हणल्यावर पोरांची भूक मेली. ज्या गाडीसाठी एवढी वर्षं कोर्टात चपला झिजवल्या ती एकालाही नको झाली. तू घे, नको तू घे. शेवटी विकायची ठरली. साताऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतली. तरुण होत्या, केस आखूड, बोलायला मोकळ्या. त्यांना बंद टपाचीच पाहिजे होती. म्हणाल्या, "मला कपाटात ठेवायला नकोय. चालवायला पाहिजे."

त्या दिवशी दोन्ही वकिलांची माणसं आली, दोन्ही कुलपं निघाली. शटर गंजून बसलेलं, ते पहारीनं उचललं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गाडीवर सरळ ऊन पडलं. बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली, आत डोकावल्या, आणि किल्ली दस्तगीरच्या हातावर ठेवली.

"काका, हिला जिवंत तुम्ही ठेवलीत. साताऱ्यापर्यंत तुम्हीच चालवा. माझी मैत्रीण मागनं माझी गाडी घेऊन येतेय. मी तुमच्या शेजारी बसते."

दस्तगीर किल्लीकडं बघत राहिला.

"साताऱ्यापातूर?"

"घाई कसली? हवं तर तसेच वाईला जाऊ. माझं सासर तिथलंच आहे. पसरणीचा घाट बघितलाय का तुम्ही?"

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. दस्तगीर माझ्याकडं वळला. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही. मी म्हणालो, "जा की, भाड्या. बघतोस काय?"

पुढं काही दिवसांनी लेक त्याला पलूसला घेऊन गेली आणि तिथंच तो वारला. ते मी बघितलं नाही, लेकीनं फोनवर सांगितलं. मी शेवटचा नीट बघितला तो त्या दिवशीचा, रस्त्यावरचा.

त्यानं पाय धुतले. चपला शेडाबाहेर ठेवल्या. गाडी शटरमधनं बाहेर आली, कंपाउंडमधनं गेटबाहेर आली. एवढी सावकाश की मी बरोबरीनं चालत होतो. मेन रोडला लागली. तासगावच्या अंगाला तोंड. सरळ, सपाट रस्ता, पुढं काही नाही.

एक गाडीभर पुढं गेला आणि थांबला. ब्रेक दाबला होता.

मला वाटलं इंजिन बंद पडलं. नव्हतं पडलं. त्याचा हात गियरवर गेला आणि गाडी मागं यायला लागली. मागं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. त्यानं कर्कश हॉर्न दिला. दस्तगीर दचकला. परत पहिला टाकला. पुढं गेला, एक गाडीभर. परत ब्रेक. परत हात मागच्या गियरवर.

"ओ चाचा!" ट्रॅक्टरवाला ओरडला. "म्होरं जायाचं का मागं, येक काय तर ठरवा की!"

रस्त्याकडेची माणसं हसली. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू. बाई म्हणाल्या, "काका, जाऊ द्या पुढं. काही नाही समोर."

तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून गाडी हाकली. मी त्याचा पाय बघत होतो, काळा, अनवाणी, ब्रेकवर चढू नये म्हणून त्यानं तो खाली रेटून धरला होता. आणि जिथं भिंत यायची तिथं तो पाय आपोआप दाबला गेला. मग कुणी हसलं नाही.

त्यानं इंजिन चालू ठेवलं आणि दार उघडून उतरला. तापलेल्या डांबरावर अनवाणी.

"पाय ऐकंना," मला म्हणाला. जसं काही दुसऱ्याच्या पायाबद्दल सांगतोय.

बाई घाबरल्या. उतरून ह्या बाजूला आल्या. "काका, राहू दे, मी चालवते. तुम्ही शेजारी बसा. घाटात जाऊ आपण, खरंच."

"तिकडच्या सीटवर लय बसलो, ताई," दस्तगीर म्हणाला. "तुमी न्ह्या. तिला थांबवू नका. गरम हाय आता, झ्याक चालंल."

मागं हॉर्न वाढले. मग त्या बसल्या आणि गाडी निघाली. मी ती गाडी एवढी वर्षं बघत होतो, पण ती अशी जाते हे मला माहीत नव्हतं. बैल सुटल्यासारखी गेली. गेटपाशी थांबलेली मैत्रिणीची गाडी तिच्या मागं, मग ट्रॅक्टर, मग सगळा खोळंबलेला रस्ता.

दस्तगीर रस्त्याच्या कडेला उभा. तळहात कानामागं धरलेला.

"दुसरा गियर," म्हणाला.

मी म्हणालो, "चल घरी. पाय भाजत्यात."

"तिसरा."

मला नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत होता. पांढरा ठिपका लांब दिसत होता, मग तोही दिसेना. मी शेडाकडं जाऊन त्याच्या चपला आणल्या, वाकून त्याच्या पायापुढं ठेवल्या. त्यानं खाली बघितलं नाही.

"चौथा टाकंना की बया," पुटपुटला. "वजन पडतंय इंजिनावर." मग त्याच्या खांद्यातलं काहीतरी सैल झालं. "हां. पडला."

"दस्तगीर, आरं, गेली ती कवाच. काय ऐकतोस?"

त्यानं कानामागचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं.

"गप की रं," म्हणाला. "बुधगावचं वळण आलंय."